आसिया जेबार: १९६७ ते १९८० हे खरंच 'मौन' होतं का?

पानकिडा
फ्रेंचमध्ये लिहिणारी अल्जीरियन लेखिका आसिया जेबार, तिची ओळख करून देणाऱ्या लेखांत एक ठरलेला साचा असतो. तरुणपणी चार कादंबऱ्या लिहिल्या, मग दहाएक वर्षं गप्प बसली, मग एकदम 'लामूर, ला फांताझिया' (प्रेम, फांताझिया) लिहिली आणि फ्रेंच अकादमीत, म्हणजे फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च संस्थेत, जाऊन बसली. यातलं मधलं वाक्य मला पटत नाही.

आधी तारखा, म्हणजे सगळे एका पानावर येऊ. जन्म ३० जून १९३६, अल्जीरियातलं शेर्शेल हे किनाऱ्यावरचं गाव. खरं नाव फातमा-झोहरा इमालायेन. वडील फ्रेंच शाळेत मास्तर. १९५५ साली पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या एकोल नॉर्माल या नामवंत उच्चशिक्षण संस्थेत प्रवेश. तिथे पोचलेली ती पहिली अल्जीरियन मुलगी. १९५६मध्ये अल्जीरियन विद्यार्थ्यांनी फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या बाजूने संप पुकारला, तिने परीक्षा दिल्या नाहीत. १९५७ला 'ला स्वाफ' (तहान), १९५८ला 'लेझांपास्यां' (उतावीळ), १९६२ला 'नव्या जगाची मुलं', १९६७ला 'लेझालुएत नाईव्ह' (भाबडे चंडोल). पुढचं कथात्म पुस्तक थेट १९८०मध्ये, 'अल्जीयर्सच्या बायका, आपल्या घरात' हा कथासंग्रह. कादंबरी तर १९८५पर्यंत नाही.

माझं म्हणणं असं की १९८० नंतरच्या तिच्या सगळ्या मोठ्या पुस्तकांचा कच्चा माल या मधल्या काळात गोळा झाला. याला मौन म्हणणं म्हणजे शेतकरी नांगरत असताना तो रिकामा बसलाय म्हणण्यासारखं आहे.

दोन प्रश्न: (१) हे पटतं का? (२) तिला पहिल्यांदाच वाचणाऱ्याने कोणत्या क्रमाने वाचावं?

तळटीप
धागा आवडला. पण 'दहा वर्षं गप्प' हे तारखांनीच खोटं ठरतं, त्यासाठी नांगराची गरज नाही. १९६९ला 'सुखी अल्जीरियासाठी कविता' हा संग्रह आणि 'रूज लोब' (तांबडी पहाट) हे नाटक आलं. १९७७मध्ये 'शेनुआ डोंगरातल्या बायकांची नूबा' हा चित्रपट चित्रित झाला, १९७९ला व्हेनिसमध्ये त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. १९८२ला 'ला झेर्दा' हा दुसरा चित्रपट. थांबलं ते फक्त कथालेखन. आणि तेही फ्रेंचमधलं. हा 'फ्रेंचमधलं' शब्द महत्त्वाचा आहे, कोणीतरी त्यावर सविस्तर लिहा.

चहाटळ
चार कादंबऱ्या वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत! आमच्याकडे त्या वयात लोक पहिल्या कवितासंग्रहाची प्रस्तावना कोणाकडून घ्यायची यावर चर्चा करत असतात.

खडूफळा
कारकिर्दीतल्या नोकरीच्या बाजूबद्दल लिहितो, कारण तिला सरसकट 'साहित्याची प्राध्यापक' म्हटलं जातं आणि त्यामुळे पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तिचं शिक्षण इतिहासाचं. १९५८मध्ये ती ट्युनिसला गेली. तिथे वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रांत्स फानों 'एल मुजाहिद' या अल्जीरियन मुक्तीसेनेच्या वृत्तपत्रात होता. त्या पत्रासाठी तिने सीमेवरच्या छावण्यांत जाऊन अल्जीरियन निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या. १९५९ ते १९६२ मोरोक्कोत राबातच्या विद्यापीठात मगरिबचा (म्हणजे वायव्य आफ्रिकेचा) आधुनिक इतिहास शिकवला. १९६२च्या जुलैत, स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर, ती अल्जीयर्सला परतली आणि विद्यापीठात पुन्हा इतिहासच शिकवायला लागली.

मग १९६५च्या सुमाराला इतिहास आणि तत्त्वज्ञान अरबीतून शिकवायचं असं धोरण आलं. हे अरबी म्हणजे अभिजात, लिखित अरबी. तिची घरची अरबी बोली होती, आजोळच्या डोंगरात बर्बर होती, आणि विद्या सगळी फ्रेंचमधून झालेली. व्याख्यान द्यायचं तर ज्या भाषेत देता येतं ती नको, आणि हवी ती हाताशी नाही. ती फ्रान्सला गेली. १९७४ला परतल्यावर अल्जीयर्स विद्यापीठात तिने इतिहास घेतला नाही, फ्रेंच साहित्य आणि चित्रपट शिकवले.

साहित्याची प्राध्यापक म्हणून मोठी पदं मिळाली ती अमेरिकेत, साठीच्या आसपास. लुईझियाना स्टेट विद्यापीठात फ्रेंच आणि फ्रँकोफोन (फ्रेंचभाषक देशांच्या) अभ्यासकेंद्राची संचालक (१९९७ पासून), २००१ला न्यूयॉर्क विद्यापीठ. आणि गंमत म्हणजे पीएचडी १९९९ची, फ्रान्समधल्या मोंपेल्ये विद्यापीठाची. विषय: मगरिबी फ्रेंच कादंबरी, आणि त्यातही स्वतःच्याच लेखनाची चाळीस वर्षं, १९५७ ते १९९७. म्हणजे केंद्राची संचालक आधी, डॉक्टर नंतर.

चहाटळ
स्वतःवरच पीएचडी! मार्गदर्शकाला 'लेखिकेला असं म्हणायचं नव्हतं' हे सांगायची सोयच राहिली नाही.

उंबरठा
खडूफळा, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही आणि पानकिडा दोघेही एक गोष्ट बाजूला ठेवताय. धोरण बदललं म्हणून प्राध्यापकाची नोकरी सुटेल, कादंबरी का थांबेल? अल्जीरियन लेखक कातेब यासीननेही फ्रेंच कादंबरी सोडली, पण तो बोलीभाषेतल्या नाटकाकडे वळला. जेबारचं कारण वेगळं आहे आणि ते 'भाबडे चंडोल'मध्ये शोधावं लागतं.

पहिल्या तीन कादंबऱ्यांत ती स्वतः कुठेही नाही. 'तहान'ची नादिया वीस वर्षांची, आई फ्रेंच, समुद्रकिनारा, मोटार, कंटाळा. युद्ध पेटलेलं असताना पुस्तकात युद्धाचा मागमूस नाही, म्हणून राष्ट्रवादी मंडळींनी झोडपलं; पॅरिसने 'अल्जीरियाची सागां' (फ्रांस्वाज सागां, तेव्हाची गाजलेली तरुण फ्रेंच कादंबरीकार) म्हणून डोक्यावर घेतलं. दोन्ही बाजू वरवरच्या. 'नव्या जगाची मुलं'मध्ये युद्ध आलं, पण नऊ पात्रांच्या नावाची नऊ प्रकरणं, सगळं बाहेरून बघितलेलं. 'चंडोल'मध्ये पहिल्यांदा तिचं स्वतःचं वैवाहिक जीवन पानावर उतरायला लागलं. हे तिनेच पुढे सांगितलंय: आत्मचरित्र येतंय हे लक्षात आलं आणि लिहिणं थांबवलं. ज्या समाजात बाईने चारचौघांत 'मी' म्हणणं हेच उघडं पडणं, तिथे फ्रेंचमध्ये 'मी' लिहिणं म्हणजे दुप्पट उघडं पडणं, कारण वाचणारा शेजारी नाही, कालचा साहेब आहे.

तेव्हा मौन होतंच. ते कमी लेखू नका. तिने स्वतः ते मानलंय.

पानकिडा
उंबरठा, चांगला मुद्दा. पण मग १९८५ला 'मी' कसा परत आला? 'लामूर'मध्ये तर पहिल्या पानावर लहान मुलगी वडिलांचं बोट धरून शाळेला निघालीय. मधे काहीतरी घडलं असणार ना?

रीळवाला
घडलं ते 'नूबा'. यावर जरा लांब लिहितो, कारण चित्रपट बघितल्याशिवाय पुढची पुस्तकं अर्धीच कळतात.

नूबा हा अंदालुसी संगीताचा प्रकार. ठरलेल्या क्रमाने येणारे भाग, हळू लयीपासून जलद लयीकडे. चित्रपट त्याच क्रमाने रचलाय: इस्तिखबार, मसदर, बताइही, दर्ज, नेसराफ, खलास. कथा शोधत बसलात तर पंधरा मिनिटांत कंटाळाल. कथा म्हणावी तर एवढीच: लैला नावाची वास्तुविशारद आपल्या भागात परत येते, नवरा अपघाताने चाकाच्या खुर्चीत, तो बोलत नाही. ती गाडी काढून डोंगरातल्या म्हाताऱ्यांना भेटत फिरते.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक, मुलाखती खऱ्या आहेत. जेबार आधी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आजोळच्या टापूत फिरली, बायकांना युद्धातलं विचारलं: कोणी जेवण पोचवलं, कोणाचं घर जळलं, कोण तुरुंगात गेलं. त्या बोलीत बोलतात. म्हणजे फ्रेंच नाही, विद्यापीठाची अभिजात अरबीही नाही. तळटीप यांनी वर विचारलेल्या गोष्टीचं उत्तर इथे आहे.

दोन, नजर. नवरा खुर्चीत बसून बघतो, पण कॅमेरा त्याच्या बाजूने नाही. हलते ती बाई, अडकलेला तो. १९७७च्या अल्जीरियन दूरचित्रवाणीसाठी हे फार होतं. निर्मिती सरकारी दूरचित्रवाणीचीच होती. अल्जीयर्सला प्रेक्षक चिडले. बंदूकधारी वीर कुठेत, हा सूर.

तीन, चित्रपट दोघांना अर्पण केलाय: हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक, जो १९१३ला लोकसंगीत गोळा करायला अल्जीरियात आला होता, आणि झुलिखा, शेर्शेलची लढवय्यी, जिला १९५७मध्ये फ्रेंच सैन्याने पकडलं आणि जिचं प्रेत घरच्यांना मिळालं नाही. झुलिखाच्या मुलींशी झालेलं बोलणं तेव्हाच गोळा झालं. त्यावरची कादंबरी 'ला फाम सां सेप्युल्त्युर' (कबर नसलेली बाई) आली २००२ला. पाव शतक!

आता 'मी'चं उत्तर: दुसऱ्या बायकांचा 'मी' आधी ऐकला, नोंदला, कापला, जोडला, मग तिचा स्वतःचा 'मी' त्या रांगेत उभा राहू शकला. एकटा असता तर उघडा पडला असता.

उंबरठा
हे शेवटचं मान्य. शब्द मागे घेत नाही, पण मान्य.

तळटीप
+१ रीळवाला. 'नूबा'चं चित्रण कसं झालं याची जवळजवळ दैनंदिनी तिने पुस्तकात दिली आहे. 'वास्त ए ला प्रिझों' (अफाट हा तुरुंग, १९९५) याच्या तिसऱ्या भागात 'फाम आराब्ल' नावाची सात प्रकरणं आहेत, ती सलग काढून वाचा. पहिला शॉट कसा लावला, बायकांना कॅमेऱ्यासमोर यायला घरच्यांनी कशी आडकाठी केली, सगळं आहे. चित्रपट, मग ही सात प्रकरणं, मग परत चित्रपट, असं केलं तर दुसऱ्यांदा तो वेगळाच दिसतो.

नवखीवाचक
मी नवीन आहे. 'लामूर, ला फांताझिया' इंग्रजीतून सुरू केली. एक प्रकरण १८३०चं, पुढचं लहानपणीचं, परत लढाई. कोण बोलतंय तेच कळत नाही. असं सगळं पुस्तक आहे का? सोडून देऊ?

मोडीवाचक
सोडू नका. रचना एकदा कळली की पुस्तक सरळ आहे.

पहिला भाग: आठवणींच्या प्रकरणांना नावं आहेत ('पहिल्यांदा शाळेत जाणारी अरब मुलगी', 'कोंडलेल्या तीन मुली', 'वडील आईला पत्र लिहितात'), आणि इतिहासाच्या प्रकरणांना फक्त रोमन आकडे. दुसऱ्या भागात उलट: इतिहासाच्या प्रकरणांना नावं, आठवणींना आकडे. तेव्हा प्रकरणाचं शीर्षक बघा, आपण कोणत्या भागात आहोत ते बघा, लगेच कळतं कुठल्या काळात शिरतोय. तिसरा भाग पाच 'हालचालीं'चा, संगीतातल्यासारखा. यात 'आवाज' अशा शीर्षकाखाली डोंगरातल्या बायका बोलतात. रीळवाला म्हणतात त्याच मुलाखती. मधे मधे तिरप्या अक्षरांत येतं ते ना इतिहास ना आठवण, ती लेखिकेची स्वतःशी चाललेली बोलणी. तिथे घाई करू नका.

वाचक अडकतात त्या जागा अशा:

पहिलं प्रकरण, १३ जून १८३०ची पहाट. फ्रेंच आरमार अल्जीयर्ससमोर येतं. पात्रांची नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न लोक करतात. गरज नाही. ती कादंबरीतली पात्रं नाहीत, साक्षीदार आहेत. त्या मोहिमेवर सदतीस जणांनी लिहून ठेवलं, त्यातले बत्तीस फ्रेंचमधले, ही मोजणी तिनेच पुस्तकात दिली आहे. लढाईपेक्षा लिहिणाऱ्यांची गर्दी जास्त, हा तिचा टोमणा. जिंकणाऱ्याला लिहायची एवढी घाई का, याकडे लक्ष ठेवा.

दुसरी जागा, दाहराच्या गुहा, जून १८४५. कर्नल पेलिसियेने उलाद रिआह टोळीला गुहेत कोंडून तोंडाशी आग लावली. सुमारे पंधराशे माणसं, जनावरांसकट गुदमरली. इथे ती पेलिसियेला चक्क धन्यवाद देते. नवे वाचक इथे दचकतात, काहींना ते क्रूर वाटतं. उपरोध आहेच, पण त्याच्या खाली इतिहासकाराचा रोखठोक हिशेब आहे: पेलिसियेने तपशीलवार अहवाल लिहिला, तो पॅरिसपर्यंत पोचला, गदारोळ झाला, म्हणून मेलेल्यांची नोंद राहिली. दोनच महिन्यांनी सेंत-आर्नोने दुसऱ्या टोळीला तसंच गुहेत बुजवलं आणि गाजावाजा होऊ दिला नाही. त्याचं फक्त भावाला लिहिलेलं पत्र उरलं. शत्रूचा अहवाल हाच मेलेल्यांचा एकमेव कागद. हे इतिहास शिकवलेल्या माणसालाच सुचतं.

तिसरी जागा, शेवट. चित्रकार फ्रोमांतें याला १८५३मध्ये, अल्जीरियातल्या लागुआत गावच्या कत्तलीनंतर, वाटेत एका अनोळखी बाईचा तुटलेला हात सापडला होता; त्याने तो उचलला आणि टाकून दिला. जेबार म्हणते, तो हात मी उचलते आणि त्याच्या बोटांत लेखणी देते. हे वाक्य समीक्षेत इतकं उद्धृत झालंय की वाचायच्या आधीच शिळं होतं. मूळ पुस्तकात तिथवर चालत पोचलात तर मात्र शिळं वाटत नाही.

भाषांतर डोरोथी ब्लेअरचं असेल तर तिची प्रस्तावना आधी वाचा; फ्रेंच मजकुरातले अप्रचलित लष्करी आणि वाद्यांचे शब्द तिने कसे हाताळले ते कळतं.

नवखीवाचक
बाप रे, आकडे आणि नावं उलटतात हे लक्षातच आलं नव्हतं! धन्यवाद. वाचनखूण साठवली.

ओसरी
'वडील आईला पत्र लिहितात' या प्रकरणाबद्दल कोणीच लिहिलं नाही? मराठी वाचकाला ते सगळ्यात आधी पोचावं. तिथल्या बायका नवऱ्याचा उल्लेख फक्त 'तो' असा करतात, नाव घेत नाहीत. नवरेही बायकोचा उल्लेख 'घर' किंवा 'घरची मंडळी' अशा आडवळणाने. जेबारची आई फ्रेंच शिकते आणि हळूहळू फ्रेंच बायकांशी बोलताना 'माझे पती' म्हणायला लागते, मग थेट नावावर येते. आणि एकदा वडील परगावाहून कार्ड पाठवतात, त्यावर आईचं नाव. उघडं कार्ड, पोस्टमन वाचणार! आळीतल्या बायका हादरतात. ज्यांच्या आजीने उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही, त्यांना या प्रकरणाला तळटीप लागत नाही.

चहाटळ
तळटीप, तुमची गरज नाही म्हणतायत.

तळटीप
:) पण एक तळटीप तरी: हेच वडील, मुलगी सतरा वर्षांची असताना एका मुलाचं तिला आलेलं पत्र फाडून टोपलीत टाकतात. बायकोचं नाव कार्डावर लिहिणारा आणि मुलीचं पत्र फाडणारा एकच माणूस. ते 'पुरोगामी वडील' वगैरे लिहिण्याआधी लेखकांनी हे दोन्ही शेजारी ठेवावं. शेवटच्या पुस्तकाचं नावच 'माझ्या वडिलांच्या घरात कुठेच नाही' आहे, २००७चं.

सेनकाठ
अकादमीबद्दल थोडं, कारण 'अकादमीचं सदस्यत्व मिळालं' असं लिहिलं की ते पुरस्कारासारखं वाटतं. तसं नसतं.

जागा चाळीस, एकजण गेला की एक मोकळी. उमेदवाराने स्थायी सचिवांना पत्र लिहून उमेदवारी कळवायची. गुप्त मतदान, पूर्ण बहुमत लागतं. न मिळालं तर पुन्हा फेऱ्या. कोणीच पसंत नसेल तर सदस्य कोरी, फुली मारलेली चिठ्ठी टाकू शकतात, आणि तशा चिठ्ठ्यांमुळे निवडणुका फुकटही गेल्या आहेत. निकालाला राष्ट्राध्यक्षांची संमती. मग वर्षभराने स्वागतसमारंभ, त्यात नव्या सदस्याने आपल्या आधीच्याचं गुणगान करायचं.

जेबार १६ जून २००५ला निवडली गेली, पाचव्या क्रमांकाची खुर्ची. तोपर्यंत पावणेचारशेच्या आसपास वर्षांत बायका किती? युर्सनार, द रोमियी, कारेर दांकोस, फ्लोराँस दले. जेबार पाचवी, आणि मगरिबमधून आलेली पहिली. आधीचा सदस्य जॉर्ज व्हदेल, घटनातज्ज्ञ. म्हणजे कादंबरीकार बाईने कायद्याच्या प्राध्यापकाची स्तुती करायची. तिने २२ जून २००६च्या भाषणात ती केली, नीट अभ्यास करून केली. आणि मग वसाहतवादाला प्रचंड जखम म्हटलं, जी जखम काहींनी नुकतीच राजकारणासाठी उथळपणे पुन्हा उकरली असंही सुनावलं. संदर्भ फेब्रुवारी २००५च्या कायद्याचा: शाळेत वसाहतींची 'सकारात्मक भूमिका' शिकवा असं त्यात कलम होतं. पुढे ती उत्तर आफ्रिकेच्या लॅटिन लेखकांवर गेली, अपुलेयुस, तेर्तुल्यान, ऑगस्टिन. म्हणजे आमच्या मातीत परक्या भाषेत लिहिणं तुमच्या येण्याआधीपासून चालू आहे. प्राध्यापकाचा पाठच तो.

खडूफळा
सेनकाठ, उत्तम. त्यात एवढंच घालतो की त्याच्या आधी, १९९९मध्ये, बेल्जियमच्या राजअकादमीने तिला घेतलं होतं. १९९६चं न्यूस्टाड्ट पारितोषिक, २०००चं जर्मन ग्रंथव्यवसायाचं शांतता पारितोषिक. फ्रान्स रांगेत बराच मागे होता.

उंबरठा
आणि अल्जीरिया? शाळा-महाविद्यालयांत तिला किती शिकवलं गेलं हा बोचरा विषय आहे. अरबीवाद्यांना ती फ्रेंचमध्ये लिहिते म्हणून नको, धर्मवाद्यांना बायकांबद्दल लिहिते म्हणून नको. तिच्या नावाचा कादंबरी पुरस्कार २०१५मध्ये, ती गेल्यावर सुरू झाला. अरबी, तामाझिघ्त (बर्बर) आणि फ्रेंच, तिन्ही भाषांना. हे मात्र तिला आवडलं असतं.

शब्दवेल्हाळ
अवांतर: एलेन सिक्सूही अल्जीरियाचीच ना? ओरान, १९३७. तीही कादंबरीकार, तीही प्राध्यापक, आणि जास्त 'फेमिनिस्ट' म्हणून ओळखलेली. मग जेबारवर धागा का, सिक्सूवर का नाही?

खडूफळा
तुम्ही काढा ना सिक्सूवर, येतो. पण फरक सांगतो. सिक्सूने पॅरिसजवळ व्हँसेनचं विद्यापीठ उभारायला हातभार लावला, १९७४ला तिथे स्त्री-अभ्यासाचा डॉक्टरेटचा कार्यक्रम सुरू केला. तिचा स्त्रीवाद सिद्धांतातून संस्थेत गेला. जेबारने सिद्धांत मांडायचं टाळलं. तिला एकच काळजी: कोण कोणाच्या वतीने बोलतंय? १९८०च्या संग्रहाच्या सुरुवातीला ती स्वतःला बजावते की अरब बायकां'साठी' किंवा त्यां'च्याबद्दल' बोलण्याचा आव आणायचा नाही, फार तर त्यांच्या शेजारी. दोघींची पुस्तकं मात्र 'दे फाम' या एकाच प्रकाशनाने काढली, हा योगायोग नाही.

मोडीवाचक
त्या संग्रहाबद्दल वाचकांना एक व्यावहारिक सूचना: शेवटचा लेख, 'निषिद्ध नजर, कापलेला आवाज', आधी वाचा. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२मध्ये अल्जीयर्सला जेमतेम तीन दिवस होता, त्यात त्याला एका घराच्या जनानखान्यात शिरायला मिळालं, आणि १८३४ला ते गाजलेलं चित्र झालं. १८४९ला त्याने तेच पुन्हा रंगवलं, त्यात बायका आणखी मागे, अंधारात गेल्या. पिकासोने १९५४-५५च्या हिवाळ्यात त्यावर पंधरा चित्रं केली, म्हणजे अल्जीरियाचं युद्ध पेटत असतानाच. जेबार तिन्ही शेजारी ठेवून विचारते: या बायका बोलतात का? लेख वाचताना तिन्ही चित्रं समोर ठेवा, देलाक्रवाची दोन आणि पिकासोचं शेवटचं. न ठेवता वाचलंत तर निम्मा युक्तिवाद हवेत जातो.

पानकिडा
मस्त चर्चा. आता माझा दुसरा प्रश्न राहिलाय. क्रम सुचवा. माझा कच्चा क्रम: 'तहान' पासून, प्रकाशनाच्या क्रमाने.

रीळवाला
अजिबात नको! प्रकाशनक्रमाने गेलात तर पहिल्या दोन पुस्तकांतच वाचक गळतील. 'तहान' वीस वर्षांच्या मुलीने चटकन लिहिलेलं पुस्तक आहे, नंतरचं सगळं वाचल्यावर गोड लागतं. माझा क्रम: (१) 'नव्या जगाची मुलं', कारण नेहमीच्या कादंबरीसारखी वाचता येते, (२) 'अल्जीयर्सच्या बायका', मोडीवाचक सांगतात तसं मागून, (३) 'नूबा', (४) 'लामूर'.

ओसरी
आणि 'ओंब्र स्युल्तान' (१९८७) कुठे गेली? इज्मा ही पहिली बायको, तिनेच नवऱ्यासाठी दुसरी शोधून आणलेली, हाजिला. इज्मा 'मी' म्हणून बोलते, हाजिलाला 'तू' म्हणते, नवऱ्याला नावच नाही. हाजिला एक दिवस बुरखा पिशवीत कोंबून रस्त्यावर चालायला लागते. नवख्याला हेच पहिलं द्यावं. वेग आहे, इतिहासाचे दाखले नाहीत.

उंबरठा
ओसरी, इतिहास नाही असं वाटतं ते पहिल्या भागापुरतं. दुसऱ्या भागात शहरझाद आणि पलंगाखाली झोपून तिला वेळेवर उठवणारी बहीण दीनारझाद येते, तिथे नवखा वाचक चाचपडतो. अरबी रजनींची (अरेबियन नाइट्सची) चौकट कथा आधी माहीत हवी. तरी, सहमत, पहिली म्हणून ती चालेल.

तळटीप
'ल्वाँ द मेदीन' (मदीनेपासून दूर, १९९१) मात्र शेवटी ठेवा. १९८८च्या ऑक्टोबरमधल्या दंगली आणि धर्मवाद्यांचा जोर बघून तिने आत्मचरित्रात्मक मालिका अर्धी टाकून हे लिहिलं. इब्न हिशाम, इब्न साद, तबरी या जुन्या इतिहासकारांच्या नोंदींत ओझरत्या आलेल्या बायकांना ती बोलतं करते. त्या नोंदी कशा असतात, कोणी कोणाकडून ऐकलं ही साखळी काय असते, हे ठाऊक नसेल तर हे नुसतं पात्रांचं संमेलन वाटेल. आणि 'ल ब्लाँ द लाल्जेरी' (अल्जीरियाचा पांढरा) हे कादंबरी समजून उघडू नका. १९९३-९४मध्ये मारल्या गेलेल्या तीन मित्रांसाठी आहे: मानसोपचारतज्ज्ञ बूसेब्सी, समाजशास्त्रज्ञ बूखोब्झा, नाटककार अलूला. मृत्यूंची एकामागून एक वर्णनं. एका बैठकीत वाचू नये.

पानकिडा
ठीक. मग असं करतो: 'ओंब्र स्युल्तान'चा पहिला भाग, 'अल्जीयर्सच्या बायका' मागून पुढे, 'नूबा', 'लामूर' मोडीवाचकांच्या किल्लीसह, 'वास्त'मधली सात प्रकरणं, आणि मग 'नूबा' परत. 'तहान' सगळ्यात शेवटी. उंबरठा, माझ्या शीर्षकातलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवतो. तुमची बाजूही आहेच त्यात.

उंबरठा
ठेवा. पण यादीत 'भाबडे चंडोल' कुठेच नाही. ज्या पुस्तकानंतर तिचं लिहिणं थांबलं तेच वगळून ती का थांबली याची चर्चा करायची म्हणजे कमाल आहे. 'नूबा'च्या आधी घाला.

रीळवाला
चारशे पानांच्या वर आहे हो ते!

उंबरठा
म्हणूनच मधोमध वाचा म्हणते. त्यातल्या जोडप्याची पानं. तेवढी तरी.